इंजिन शेवटी बघा

तुमचा प्रश्न वाचताना एका वाक्यावर अडलो. मुलुंडच्या एका सोसायटीत ताडपत्रीखाली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे, मालक दीड लाख मागतायत, तुमच्या आजोबांकडे अशीच गाडी होती म्हणून मन तिच्यात गुंतलंय, आणि पैसे देण्याआधी काय काय तपासायचं ते कळत नाही. इथपर्यंत ठीक. पुढे तुम्ही लिहिलंय, "इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं, त्यामुळे मुख्य काळजी मिटली." मुख्य काळजी अजून सुरूच झालेली नाही, म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय.

लालबागला माझं छोटं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली, हाताखालून गेलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त फियाटच, म्हणजे तुमच्या त्या पद्मिनीच. त्या अनुभवावर सांगतो, इंजिन सगळ्यात शेवटी बघा. पद्मिनीचं इंजिन म्हणजे १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, एका कार्ब्युरेटरवर चालणारं साधं यंत्र. बोर करून पिस्टन-रिंग घातली, क्रँक ग्राइंड करून बेअरिंग बदलली, हेड फेस करून घेतलं, की ते नव्यासारखं चालतं. हे काम हातात बसलेले मिस्त्री मुंबईत अजून आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी इथल्या रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे अगदी कालपरवापर्यंत या शहरात फियाटचे सुटे भाग रोजच्या रोज विकले जात होते. खराब इंजिन हा फक्त खर्चाचा मामला आहे आणि त्या खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. कुजलेला पत्रा आणि अडकलेले कागद यांचं तसं नाही. त्यात पैसे ओतत राहावे लागतात आणि तरी गाडी रस्त्यावर येईल याची खात्री कुणी देत नाही.

पत्र्यापासून सुरू करू. फियाटला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. खालचा फ्लोअर, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे पत्र्याचे उंबरे), दाराचे खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. सगळं वजन पत्रा पेलतो. त्यामुळे "थोडा गंज आहे, पॅच मारून घ्या" असं कुणी म्हणालं तर गंज नेमका कुठे आहे ते विचारा. फेंडरच्या कडेला असला तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. सिलला किंवा मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) माउंटिंगला असला तर गाडीचं हाडच गेलंय असं समजा.

आपल्याकडे पावसाचे चार महिने आणि बाराही महिने खारी हवा. त्यात उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर कुजते. ताडपत्रीने संरक्षण होतं असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, दुपारच्या उन्हात आत वाफ धरते आणि संध्याकाळी तिचं पाणी होऊन दाराच्या तळाशी, काचेच्या रबराखाली जाऊन बसतं. मुलुंडची गाडी किती पावसाळे ताडपत्रीखाली काढून आहे ते मालकांना सरळ विचारा.

१९९७ साली मी स्वतः फसलो ती गोष्ट सांगतो, म्हणजे सिलचं महत्त्व कळेल. उपनगरातल्या एका विक्रेत्याकडून क्रीम रंगाची १९७८ ची गाडी घेतली होती. नुकतंच रंगकाम झालेलं, पत्र्यात तोंड दिसेल अशी चमक. तीन महिन्यांनी पंक्चर काढायला जॅक लावला, तर जॅक वर येत गेला आणि गाडी जागची हलेना. जॅक सिलमध्ये घुसत होता. सिल उघडलं तर आत पत्रा जवळजवळ नव्हताच. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, लांबीवर प्रायमर आणि वर रंग. कागद इतका कोरडा होता की त्यावरची बातमी सहज वाचता आली. म्हणजे काम ताजं होतं, गाडी विकण्यापुरतंच केलेलं. त्या गाडीचे दोन्ही सिल, पुढचा फ्लोअर आणि डाव्या खांबाचा तळ नव्याने बनवावा लागला. इंजिन बांधायला लागले असते त्याच्या तिप्पट पैसे गेले आणि डेंटरचं काम पाच महिने चाललं.

तेव्हापासून मी नवा रंग मारलेली स्वस्त गाडी बघितली की आधी चार पावलं मागे जातो. जुना, फिका पडलेला, ठिकठिकाणी ओरखडे असलेला रंग मला जास्त आवडतो, कारण त्याच्याखाली काही लपवता येत नाही.

तपासायचं कसं? फ्रिजच्या दाराला लावतात तसला साधा लोहचुंबक घ्या आणि पातळ फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगाला चरा जाणार नाही. तो गाडीभर फिरवा. चांगल्या पत्र्याला पटकन चिकटतो, लांबीच्या जाड थरावरून घसरून पडतो. दोन्ही सिलवर, चारही दारांच्या खालच्या चार बोटांवर, चाकांवरच्या कमानीवर, पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि पुढच्या फेंडरचा भाग जिथे दाराला येऊन मिळतो तिथे तो फिरलाच पाहिजे. मग बोटाच्या मागच्या बाजूने टकटक करा. पत्रा टणटण वाजतो, लांबीचा आवाज धप्प येतो. पाचेक मिनिटांत कानाला फरक कळायला लागतो, त्यासाठी मिस्त्री असायची गरज नाही.

त्यानंतर दारं. पुढचं दार अर्धं उघडून टोकाला धरून हलकंच वर उचला. बिजागरी झिजली असेल तर दार हलेल, तो किरकोळ प्रश्न. आता दार बंद करा आणि दार व खांब यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत डोळ्यांत साठवा. मालकांच्या परवानगीने त्या बाजूला जॅक लावून चाक जमिनीपासून जरा सुटेल इतपत गाडी उचला आणि तीच फट पुन्हा बघा. दार मघासारखंच उघडलं, मिटलं तर सांगाडा धड आहे. फट वर-खाली सारखी राहिली नाही, दार अडकायला लागलं, तर गाडी मधून वाकतेय. तिथेच थांबा आणि मालकांचे आभार मानून घरी या. माझ्या मते पद्मिनीसाठी याहून चांगली चाचणी नाही.

डिकी उघडून आतली मॅट आणि स्टेपनी बाहेर काढा. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. तळातून उजेड दिसला तर निदान तो गंज लपवलेला नाही, उघड आहे. तिथून टॉर्च मारून मागच्या पाट्यांची टोकं जिथे बॉडीला बांधलेली असतात ती जागा बघा. स्क्रूड्रायव्हरची मूठ तिथे जरा जोर लावून दाबा. पापुद्रे सुटले, पत्रा आत दबला, तर मागचा सगळा भाग उघडावा लागणार. पुढे बॉनेटखाली बॅटरीचा ट्रेही बघा. ॲसिड सांडून तो आणि त्याच्याखालचा पत्रा खाल्लेला असतो आणि वरून काळा रंग मारलेला असतो.

मुंबईच्या गाडीला आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. ती पाण्यात गेली होती का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. त्यानंतरही कुर्ला, सायन, हिंदमाता, मिलन सबवे इथे पावसाळ्यात गाड्या बुडतच आल्या आहेत. धुतलेल्या गाडीतही गाळ पूर्णपणे जात नाही. मागची सीट उचलून तिच्या स्प्रिंगमध्ये बोट फिरवा, डॅशबोर्डच्या खाली हात घालून वायरच्या जुडग्यांवर चाचपून बघा, हेडलाइटच्या वाटीत डोकावा. पिठासारखी बारीक, करड्या रंगाची माती हाताला लागली तर ती धूळ नाही, गाळ आहे. अशा गाडीची वायरिंग पूर्ण बदलायची तयारी ठेवायची आणि सिलच्या आतला गंज बाहेरून दिसतो त्याच्या दुप्पट धरायचा.

आता टॅक्सीचा विषय. मुंबईतल्या स्वस्त पद्मिनींमध्ये निळ्या, पांढऱ्या, मरून रंगाच्या बऱ्याच गाड्या मुळात काळ्या-पिवळ्या होत्या. टॅक्सी असणं हा दोष नाही. रोज चालणाऱ्या गाडीची देखभाल होत राहते. पण टॅक्सीने कापलेलं अंतर खासगी गाडीच्या कित्येक पट असतं आणि विकणारा ते सांगत नाही, म्हणून तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. दाराचं रबर जरा ओढून त्याच्याखालचा रंग बघा. बॉनेटच्या आतली बाजू, डिकीच्या झाकणाचा आतला कोपरा, डॅशबोर्डच्या मागचा पत्रा अशा जागी रंगारी सहसा पोचत नाही आणि पिवळा किंवा काळा रंग तिथे सापडतो. पूर्वी टॅक्सीचा मीटर बाहेर, डाव्या बाजूला पुढे असायचा. डाव्या फेंडरजवळ बुजवलेली भोकं चुंबकाला लगेच कळतात. छपरावर कॅरियरच्या खुणा असतील. डिकीत सीएनजीच्या टाकीच्या पट्ट्यांची भोकं असतील.

सीएनजीवर चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजतात. टॅपेटचं अंतर कमी होत जातं, कॉम्प्रेशन उतरतं आणि गाडी सकाळी लवकर चालू होत नाही. किट अजून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का ते बघा. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख टाकीच्या पट्टीवर असते. तारीख उलटलेली असेल तर त्या टाकीत गॅस भरून चक्कर मारायला नका जाऊ. अशी टाकी आधी उतरवायची, मग बाकीचं बोलायचं.

कागद तर खरं म्हणजे घरातून निघण्याआधीच बघायचे. मालकांकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि नंबर परिवहनच्या ॲपवर टाका. १९८६ ची गाडी म्हणजे एमएच नसलेला, १९८९ च्या आधीच्या मालिकेतला नंबर. आरसी पुस्तकाच्या रूपात असेल आणि ॲपवर काहीच दिसत नसेल तर गाडी खोटी आहे असं लगेच समजू नका. जुन्या नोंदी संगणकात चढवायच्या राहून गेल्या आहेत, त्याला आरटीओत बॅकलॉग म्हणतात. पण ती नोंद करून घ्यायचं काम विकणाऱ्याचं. व्यवहाराच्या आधी त्यांनी ते पूर्ण करावं. "तुम्ही घ्या, माझा एजंट करून देईल" यावर पैसे देऊ नका.

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचं नूतनीकरण करावं लागतं. तुमच्या गाडीचं गणित करा. २००१, २००६, २०११, २०१६, २०२१, असं पाच वेळा नूतनीकरण झालेलं असलं पाहिजे आणि पुढचं २०२६ चं. किती शिक्के आहेत ते मोजा. शेवटचा शिक्का २००६ चा असेल तर गाडी २०११ पासून कागदोपत्री बंद आहे. थकलेलं शुल्क, महिन्यागणिक वाढत गेलेला दंड, पर्यावरण कर, सगळं एकदम भरावं लागेल. ते भरून भागत नाही, गाडी आरटीओच्या तपासणीलाही उभी करावी लागेल. दिवे, हॉर्न, ब्रेक, वायपर, धूर सगळं चालू हवं आणि मागे परावर्तक पट्टी हवी. नूतनीकरणाचं शुल्कही आता जुन्यासारखं शे-पाचशेचं राहिलेलं नाही. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारला ५,००० रुपये झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. ही रक्कम भाव ठरवताना समोर ठेवा. दिल्लीसारखे वयावरून निर्बंध मुंबईत खासगी गाडीवर नाहीत. गाडी तपासणीत उतरली तर चालवता येते.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते नावावर. चाळीत, सोसायटीत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्या बहुधा वारलेल्या माणसाच्या नावावर असतात. मुलगा म्हणतो, गाडी बाबांची, आता माझीच. भावनेने ते खरं असतं, पण आरटीओला वारसाच्या नावावर झालेलं हस्तांतरण लागतं. त्यासाठी नमुना ३१ भरायचा, मृत्यू दाखला द्यायचा आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लेखी आणायचं. एक बहीण परदेशात असली की सही मिळायला वर्ष जातं. ते हस्तांतरण आधी त्यांच्या नावावर होऊ द्या, मग नमुना २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. तुमच्या बाबतीत मालक स्वतः बोलतायत असं लिहिलंय. तरीही आरसीवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं आधार कार्ड ताडून पाहा.

आरसीवर बँकेचा बोजा लिहिलेला असेल तर तेवढ्यावर सौदा थांबवा. कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखा बंद झालेली, आणि नमुना ३५ वर सही करायला कुणी तयार नाही. असली एक गाडी माझ्या गॅरेजच्या बाहेर दोन वर्षं नुसती उभी होती.

मग नंबर. चेसिस नंबर बॉडीवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर ब्लॉकवर. नुसते वाचून चालणार नाही. पातळ कागद त्यावर ठेवून पेन्सिल आडवी घासा, आरटीओत हस्तांतरणाच्या वेळी घेतात तसाच छाप घरी घेऊन या आणि शांतपणे आरसीशी अक्षर न् अक्षर ताडा. आकडे वेडेवाकडे, खोली कमी-जास्त, आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला तर गाडी कितीही सुंदर असो, सोडून द्या. इंजिन नंबर वेगळा निघाला तर त्यात गुन्हा असेलच असं नाही. जुन्या गाड्यांची इंजिनं बदलली जायची. पण बदलाची नोंद आरसीवर हवी आणि त्या इंजिनाची पावती हवी.

अनेकजण विचारतात म्हणून विंटेज नोंदणीचंही सांगतो. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, व्यवसायासाठी न वापरलेली, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुमची १९८६ ची गाडी त्यात २०३६ ला बसेल. "लवकरच विंटेज होणार" म्हणून कुणी भाव वाढवत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

आता इंजिनाकडे या. सकाळी जा. पोचल्याबरोबर काही बोलण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर मालकांना विचारा, "काका, गाडी आत्ताच चालू केली होती का?" आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू होतानाच खरं बोलतं. सेल्फ मारताना एका माणसाला सायलेन्सरजवळ उभं करा. चालू होताच निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. निळा धूर येतच राहिला तर रिंगा गेल्या. काळा धूर कार्ब्युरेटरचा, तो सोपा. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. फियाटचं हेड अल्युमिनियमचं आहे. एकदा जास्त तापलं की वाकतं, आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ते तापल्याशिवाय राहत नाही. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाणी गंजकट तांबडं असेल तर आतल्या वाटा तुंबल्यात. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय.

इंजिन गरम झालं की ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून धूर भकाभका यायला लागला तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय, म्हणजे इंजिन बांधायला आलंय. शक्य असेल तर एखाद्या मिस्त्रीला कॉम्प्रेशन गेज घेऊन सोबत न्या. चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. हे सगळं दिसलं तरी माझा सल्ला बदलत नाही. धूर काढणाऱ्या इंजिनासाठी भाव पाडून मागा, गाडी नाकारू नका.

उभ्या गाडीचं पेट्रोल मात्र नजरेआड करू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढून घेतं आणि जुन्या गाडीतले रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुगवतं किंवा चिरा पाडतं. टाकीतून वार्निशसारखा वास आला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पाइप बोटांत दाबून बघा. चिकट किंवा कडक लागला तर चक्कर मारायच्या आधीच बदला. गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आणि एकाच सर्किटचे. एक सिलिंडर गळला की पेडल सरळ खाली जातं आणि कुठल्याच चाकाला ब्रेक उरत नाही. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल जोरात दाबून एक मिनिट तसंच धरा. पाय हळूहळू खाली जायला लागला तर मास्टर सिलिंडर गेलाय, चक्कर मारू नका. ब्रेक ठीक असतील तर रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाला स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक लावा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखड आली तर किंग पिन किंवा बेअरिंग. दोन्ही मिळतात. हँड गिअरची दांडी ढिली असतेच, तिचे बुश बदलता येतात. तिसऱ्यातून दुसऱ्यात घाला आणि ॲक्सिलेटर सोडा. दुसरा गिअर सुटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडायला लागेल. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर न करकरता बसवणारी रचना) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो करकरला तर तो दोष धरू नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर दिसत असली तरी दहा वर्षांचे टायर घेऊन हायवेला लागू नका.

पद्मिनीऐवजी दुसरं काही घ्यावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ॲम्बेसेडरचे भाग मिळतात, ती २०१४ पर्यंत बनत होती. पण तुमच्या सोसायटीत जागा किती आहे ते आधी मोजा. प्रीमियरचीच ११८ एनई आणि हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा चालवायला सुरेख, मात्र काचा, दिवे, रबर बीडिंग यांच्यासाठी महिनोन्महिने शोधत फिरावं लागतं. पहिल्या मॉडेलची मारुती ८०० आता स्वस्त उरलेली नाही आणि तिचा पत्रा पद्मिनीहूनही पातळ. पहिलीच जुनी गाडी असेल तर मुंबईच्या माणसाने पद्मिनीच घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. ती इथे कुर्ल्यात बनली, तिची नस ओळखणारी माणसं इथेच आहेत. एक मात्र बघा. क्रोमच्या पट्ट्या, पुढची जाळी, हबकॅप, दारांची मूळ हँडलं, मीटरचं चक्र हे सगळं जागेवर आहे का? इंजिनाचा पार्ट दुकानात मिळेल. पण एक मूळ पट्टी शोधायला चोर बाजारापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत चार रविवार जातात आणि मिळते ती दबलेली.

तुमच्या गाडीबद्दल माझा हिशोब असा. दोन्ही सिल आणि मागचे माउंटिंग टणक, आरसी समोरच्या माणसाच्याच नावावर, नोंदणी मुदतीत, बोजा नाही, तर इंजिन धूर काढत असलं तरी एक लाख वीसपर्यंत द्या. इंजिनही चांगलं निघालं तर दीड लाखाला घासाघीस करू नका. सिल गेलेले असतील तर ती पन्नास हजारांतही नको. टोकन द्यायचं झालं तर ते ऑनलाइन द्या आणि "नोंदणी तुमच्या नावावर झाल्यावर उरलेली रक्कम" हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

शनिवारी जाताना चुंबक, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, पेन्सिल, पातळ कागद आणि खाली झोपायला एक जुनं गोणपाट न्या. आदल्या रात्री मालकांना फोन करून सांगा की ताडपत्री तशीच राहू द्या आणि गाडी चालू करू नका, आम्ही आल्यावर करू. सिलचे आणि डिकीच्या तळाचे फोटो काढलेत की मला दाखवा.